पाणी मागणारी होडी

चोपडा,
अक्षय्य तृतीयेचा, आपल्या आखाजीचा, आदला दिवस

प्रिय कुंदन,

आशीर्वाद लिहायला बसले आणि तिथंच अडले. मोठ्या बहिणीचं पत्र म्हणजे उपदेशाचं पार्सल, असं तू म्हणायचास आणि उघडायच्या आधीच जांभई द्यायचास. या वेळी उपदेश नाही, घाबरू नकोस. काल शिंदखेड्याहून माहेरी आले. आखाजी उद्यावर आली आणि मी सासरी बसून राहिले असं कधी झालंय? अमळनेरपर्यंत एसटीच्या खिडकीतून भट्टीसारखा वारा तोंडावर घेत आले. आबा स्टँडवर घ्यायला आले होते, तुझी मोटरसायकल घेऊन. तिचा डावा आरसा अजून तुटकाच आहे. कुंदन आला की बसवेल म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. समुद्रावर तुला धरून नेलं, त्यानंतरचा हा दुसरा उन्हाळा.

घरचं सांगते. केळी बरी आहे, म्हणजे वाऱ्यानं आडवी झाली नाही तोवर बरी. आबा सकाळी मोबाइल उघडतात आणि वाऱ्याचा नकाशा बघतात. तू शिकवलेला तोच. फक्त चोपड्यावर थांबत नाहीत. बोटानं सरकवत सरकवत एडनच्या आखातापर्यंत जातात, तिथं आज वारा कुठून आहे ते बघतात आणि मग चहा घेतात. शेजारचा हेमराज एकदा म्हणाला, भाऊ, आपली केळी तिकडे नाहीत. आबांनी त्याच्याशी बोलणंच टाकलं. मला हेमराजचा राग आला आणि हसूही आलं. हल्ली मला दोन्ही एकदमच येतं.

तू समुद्रावर जाणार म्हणालास तेव्हा पहिली हसले ती मीच. चोपडा ते जळगाव एसटीत प्रत्येक वेळी ओकणारा माणूस जहाजावर चालला होता! पोहायला शिकलास तेही काकांच्या विहिरीत, कमरेला केळीचं खोड बांधून, आणि खोड सुटलं तेव्हा केवढा बोंबललास! पण तू हट्टाचा. मुंबईला खलाशाचा कोर्स केलास, जहाज मिळेना म्हणून कोचीला होड्यांची बुडं खरवडत राहिलास, आणि तिथंच तुला ते हॉलंडचं म्हातारं जोडपं भेटलं. स्वतःच्या शिडाच्या होडीतून जग फिरायला निघालेले योहान आणि लीसबेथ. योहानचा गुडघा गेलेला, रात्रीच्या पहाऱ्याला तिसरा माणूस हवा होता. तू त्यांना मूगडाळीची खिचडी करून घातलीस आणि त्यांनी तुला ठेवूनच घेतलं, हे तूच फोनवर फुशारकीनं सांगितलं होतंस. माणसं हौसेनंही समुद्र ओलांडतात, पोटासाठी नाही, हे आईला कधीच पटलं नाही. घरी जागा नाही का त्यांना, असं ती विचारायची.

निघायच्या आधीचा तुझा तो फोन मला शब्दन् शब्द आठवतो, कारण तो स्पीकरवर होता आणि आम्ही सगळे ओसरीवर बसून केळीचे वेफर्स खात होतो. तू म्हणालास, आता पुढचं पाणी वाईट आहे. चार-पाच होड्या मिळून जाणार, एकमेकींना नजरेआड होऊ देणार नाही. रात्री दिवे बंद. आपण कुठं आहोत ते कुणाला कळवायचं नाही, आरमाराला तेवढं कळवायचं. आणि एखादी छोटी होडी जवळ आली, पाणी मागितलं, सिगारेट मागितली, तर थांबायचं नाही, वेग वाढवायचा, लगेच सगळ्यांना उठवायचं. त्यातले बरेच साधे मासेमार असतात, पण कोण मासेमार आणि कोण चाचे हे शेजारी येईपर्यंत कळत नाही, असं योहान सांगतो म्हणालास. आबा म्हणाले, बरोबर आहे त्याचं. आईनं मात्र वेफर्सची ताटली खाली ठेवली. तिला बाकीचं काही ऐकूच आलं नव्हतं. ती फोनकडे वाकून म्हणाली, "पानी मांगनाराले नही म्हनू नको रे भाऊ. मंग तो कोनबी राहो." तू हसलास. बरं आई, म्हणालास.

तू हसलास यात नवल नाही. फाटकाबाहेरच्या लिंबाखाली आईचे रांजण आपल्या जन्माआधीपासून आहेत. होळी झाली की ओलं गोणपाट गुंडाळायचं, आणि दुपारी ती स्वतः लांब दांड्याचं ओगराळं घेऊन पाणी घालायला बसायची. पावरा मजूर असो, ट्रकवाला असो, एकदा आपल्याच पाण्याच्या मोटारीची वायर चोरून नेणारा तो माणूस असो, त्यालाही तिनं ओळखून पाणी दिलं आणि मग शिव्या दिल्या. शाळेत असताना तू खेळायच्या नादात एका म्हाताऱ्याला रांजण रिकामा आहे असं खोटं सांगितलंस, तर तिनं तुला स्टँडपर्यंत तांब्या घेऊन त्याच्यामागे पळवलं होतं. आपल्यात देवपूजा चुकली तर चालायची, पण हे नाही.

मग तुम्हाला धरल्याचा फोन आला. दिल्लीहून कुणी अधिकारी बोलला, फार सभ्य बोलला, पण आबांनी विचारलेल्या एकाही गोष्टीचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. पुढं जे कळलं ते लीसबेथकडून. ती चोपड्याला आली होती, हे तुला कुणी सांगितलंय का रे? गेल्या वर्षी ऐन उन्हाळ्यात, जळगावहून गाडी करून, एकटी. योहान होडीवरच हृदयविकारानं गेला. चाचे तुम्हाला किनाऱ्याकडे नेत होते, तेवढ्यात आरमाराचं हेलिकॉप्टर वर आलं, तेव्हा त्यांनी होडी आणि म्हातारी तिथंच सोडली आणि हाताशी सापडलेला तरुण माणूस ओढून नेला. तो तरुण माणूस म्हणजे तू. फाटकाशी गाडीतून उतरली तेव्हा तिचा चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला होता. आईनं काही न विचारता ओगराळं भरून पुढं केलं. लीसबेथनं ते पाणी पाहिलं, रांजण पाहिले आणि भर रस्त्यात रडायला लागली. आम्हाला वाटलं, ऊन बाधलं.

घरात बसून तिनं सगळं सांगितलं. मी शिकवणीत पोरांना इंग्रजी शिकवते, म्हणून दुभाष्याचं काम माझ्याकडे. तुमच्या होडीचं इंजिन तापायला लागलं होतं, बाकीच्या होड्या पुढं निघून गेल्या. पहाटे सुकाणूवर तू एकटा होतास, ती दोघं झोपलेली. एक छोटी होडी आली. त्यातल्या एकानं रिकामा कॅन उलटा करून दाखवला आणि ओंजळ तोंडाशी नेली. लीसबेथला जाग आली ती शीड फडफडल्यानं, कारण तू होडीचा वेग पाडला होतास. ती वर आली तेव्हा तू वाकून त्यांना पाण्याचा भरलेला कॅन देत होतास, आणि तुझ्या हातातून कॅन घेणाऱ्यानं तुझं मनगट धरलं होतं. ती तुला दोष देत नव्हती रे. एवढं सगळं सांगितलेलं असताना त्यानं असं का केलं, एवढंच तिला समजून घ्यायचं होतं, त्यासाठी ती इतक्या लांब आली होती. आणि रांजण बघून तिला ते समजलं होतं.

मी ते मराठीत आणलंच नाही. आईला सांगितलं, रात्री अंधारात चोरून चढले, कुणाला कळलंसुद्धा नाही. आबांना माझ्या तोंडावरून शंका आली असावी, ते उठून गोठ्याकडे गेले. आई लीसबेथकडे बघत राहिली, मग आत जाऊन तिच्यासाठी गुळाचा खडा घेऊन आली.

त्यानंतर तुझा एकच फोन. गणपतीचे दिवस होते. चाच्यांचा मधला माणूस आधी खंडणीसाठी दम देऊन बोलला, आमच्याकडे काय आहे आणि काय नाही ते त्यालाही एव्हाना कळलं होतं, आणि मग तू. आवाज तुझाच, पण वाळलेला. मला वाटलं तू सोडवा म्हणशील, रडशील. तू विचारलंस, "अक्का, आई रांजण भरस का?" मी हो म्हणाले. तू म्हणालास, बरं. आणि फोन बंद. त्या दिवसापासून मी तो प्रश्न उलटासुलटा करून बघते. तू आईवर रागावला होतास, की तिला सांभाळत होतास, की नुसती तहान लागली होती? तुझ्यावर मी एवढी कधी चिडले नव्हते. सांगायचं होतंस ना स्पष्ट काहीतरी, गाढवा.

हो म्हणाले खरी, पण ते पूर्ण खरं नव्हतं. रांजण भरले जात होते, पण आई नाही भरत. लीसबेथ गेल्यापासून ती फाटकाबाहेर बसतच नाही. हेमराजची बायको भरते. आई म्हणते गुडघे धरलेत. मीही तेच धरून चालले होते.

दिवाळीनंतर कच्छचा एक खलाशी चाच्यांच्या तावडीतून सुटून घरी आला. आबांनी कुठून कुठून त्याचा नंबर मिळवला. त्यानं सांगितलं, एक केळीच्या गावचा मराठी पोरगा आमच्यासोबत होता, खिचडीच्या गोष्टी सांगायचा. त्याला ताप भरला. त्याला दुसऱ्या खोपटात नेलं, आणि मग तो दिसला नाही. पुरला असं पहारेकरी बोलत होते, मी डोळ्यांनी पाहिलं नाही. आबांनी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, डोळ्यांनी पाहिलं नाही ना? तो बिचारा नाही नाही म्हणत राहिला. फोन ठेवल्यावर आबा मला म्हणाले, त्यानं नाही पाहिलं. आणि मग भिंतीला टेकून खाली बसले.

आता पितांबरकाका मागे लागलेत. माणूस वाईट नाही, तुला ठाऊक आहे. त्यांचं म्हणणं, पोरगा गेला असेल आणि आखाजीला त्याच्या नावाची घागर कुणी भरली नाही, तर तो तिकडे तहानलेला राहील. परक्या वाळूत, परक्या उन्हात. हे ऐकल्यावर आबांचा धीर सुटला. काल कुंभाराकडून नवी लाल घागर आणली. खरबूज आणलं, आंबे आणले. सांजोऱ्यांचं सारण मी भाजलं. मी आईला म्हणाले, तू फक्त घागरीत पाणी घाल, बाकी सगळं मी करते. आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. म्हणाली, "मी नही देवाव पानी." मला वाटलं, तू जिवंत आहेस असं ती धरून बसलीय, म्हणून. मी समजूत घालायला गेले. तेव्हा तिनं ओंजळ केली आणि तोंडाशी नेली, अगदी लीसबेथनं करून दाखवली होती तशी. "माले तव्हयच समजनं," ती म्हणाली. "मन्हं पानीच त्याले लई गयं."

एवढे दिवस तिला माहीत होतं, कुंदन. तिच्याच पाण्यानं तुला ओढून नेलं, हे ती मनात घेऊन बसली होती. मी मराठीत लपवत होते आणि ती हात बघत होती. मी तिला मिठी मारली, तू आईचं ऐकलंस यात काही चूक नाही, तहानलेल्याला पाणी देणं ही चूक कशी होईल, असलं काय काय बोलले. ती ऐकत होती, पण तिला ते पटलं नाही. मलाही बोलताना पटत नव्हतं. जन्मभर तिनं कुणाला पाण्यासाठी नाही म्हटलं नाही, आणि आता तुलाच म्हणतेय.

तर हे पत्र एवढ्यासाठी. उद्या सकाळी तुझी घागर भरायची आहे. ती भरली म्हणजे आपल्या घरानं तुला गेलेल्यांत बसवलं, पुढच्या आखाजीला तुझी घागर आजोबांच्या घागरीशेजारी. तुला न सांगता, तुझ्या पाठीमागं हे करायचं मला जमेना. तू कुठं तरी खोपटात पडून आमची वाट बघत असलास तर? आणि नसलास तर? पत्ता नाही, पण कुणी तरी तुला आधी सांगायला हवं होतं. आबांच्यानं होणार नाही, आई येणार नाही. म्हणून पाणी मीच घालणार आहे, तिच्या वाटचंही. तुझं नाव घ्यायला सांगतील तेव्हा मी काय करीन, मला ठाऊक नाही. रांजणातलंच पाणी घेईन, लिंबाखालचं, गार. बाळा, जिथं असशील तिथून ते घे. नाही म्हणू नकोस.

तुझीच,
अक्का