झापोम्नी

ग्रोद्नो, ५ सप्टेंबर

ती. रेगिना मावशीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र ब्रोन्या काकूंच्या खसखशीच्या केकखालून येतंय, तेव्हा कागदाला लोणी लागलं असेल तर चिडू नकोस. मी फोन करत नाही म्हणून तू रुसली असशील. सीमेवर फोन उघडून बघतात, आणि हल्ली इकडे बेलारूसमध्ये रस्त्यातसुद्धा बघतात. काकू दर आठवड्याला सीमेपलीकडे पोलंडमध्ये, तुमच्या बियाविस्तोकला घरकामाला येतात. त्यांच्या केकवर अजून कोणाची नजर गेलेली नाही.

मावशी, मी फार घाबरले आहे. आंद्रेयची ट्रॉलीबसवरची नोकरी गेली. गेल्या वर्षी सरकारच्या निषेधाला चौकात लोक जमले होते, त्यात तो उभा होता, तेवढाच त्याचा गुन्हा. परवा दोन माणसं येऊन शेजारणीला विचारून गेली की हा घरी कधी असतो. तेव्हापासून लिफ्टचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून ती कुठल्या मजल्यावर थांबते ते ऐकत बसते. त्याला नेलं तर हाताशी असावी म्हणून दाराशी एक पिशवी भरून ठेवली आहे: लोकरीचे मोजे, साबण, दात घासायचा ब्रश. आमच्या जिन्यात अशा पिशव्या बऱ्याच घरांत आहेत, पण कोणी कोणाला सांगत नाही. युल्काला बालवाडीत घरातलं काही बोलायचं नाही असं शिकवलंय. पाच वर्षांच्या पोरीला हे शिकवावं लागतंय.

आंद्रेय म्हणतो की तू पोलिश वंशाची आहेस, तुला पोलंडमध्ये राहू देणारं ते पोलिश कार्ड मिळेल, तू युल्काला घेऊन पुढे हो. तो स्वतः पोलिश नाही, त्याला मागाहूनच येता येईल. पण माझी पोलिश म्हणजे आजीच्या प्रार्थना आणि आजीच्या शिव्या, एवढीच. काय काय करायचं ते सविस्तर कळव.

आंद्रेयचा नमस्कार, युल्काचा पापा. तुझ्या मायेची आत्ता फार गरज आहे.

तुझी,
इलोना

बियाविस्तोक, १३ सप्टेंबर

चि. इलोनास,
अ. उ. आ.

केक चांगला होता, पण पत्र वाचून अर्धा तसाच ठेवला. रडून झालं, आता कामाचं लिहिते.

आधी आजीचा बाप्तिस्म्याचा दाखला काढ. चर्चमधल्या जुन्या वह्यांत तिचं नाव मार्सेलिना असं आहे, नंतरच्या सरकारी कागदांत त्याचं भलतंच करून ठेवलंय. दोन्ही कागद ने. वकिलातीत मुलाखत होईल. पोपटपंची करू नकोस, त्यांना ती लगेच ओळखू येते. ते घरातल्या चालीरीती विचारतात. नाताळच्या आदल्या संध्याकाळी टेबलावर एक ताट जास्तीचं का मांडतात, टेबलक्लॉथखाली गवत का, हे तू लहानपणापासून बघितलंयस, तेच सांग. आणि समोरच्याला अरेतुरे करू नकोस. इथे अनोळखी माणसाला अहोजाहोच लागतं, नाहीतर तोंड वाकडं करतात.

शब्दांपासून जप. आपल्या रशियनसारखे दिसणारे शब्द दगा देतात. मी इथे आले तेव्हा कोपऱ्याकोपऱ्यावर ‘स्क्लेप’ अशी पाटी बघून हबकले होते. आपल्याकडे स्क्लेप म्हणजे थडग्याची खोली. मनात म्हटलं, या गावात जिवंत माणसं आहेत की नाही? ते किराणा दुकान निघालं. आणि कोणी तुझ्या ‘उरोदा’ची स्तुती केली तर थोबाडीत मारू नकोस. आपल्या कानाला ते कुरूप वाटतं, इथे त्याचा अर्थ सौंदर्य.

कार्ड मिळालं की माझ्याकडे ये. इथे कायम राहण्यासाठी अर्ज करायचा, माझ्या पत्त्यावर रहिवासाची नोंद करायची, युल्काला बालवाडीत घालायचं. मग एक वर्ष इथेच काढायचं, भाषेची परीक्षा द्यायची, आणि नागरिकत्वासाठी अर्ज करायचा. मी साठीला टेकल्यावर ती परीक्षा दिली. तुला काय धाड भरली आहे? बसमध्ये मात्र रशियन मोठ्याने बोलू नकोस. कोणी काही करत नाही, पण बायका वळून बघतात.

आंद्रेयला म्हणावं, घरात बसलायस तर तूही शीक. त्या पिशवीत माझ्यातर्फे एक लोकरी टोपी घाल.

तुझी वाट बघणारी,
मावशी

ग्रोद्नो, २० ऑक्टोबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

मुलाखत झाली, आणि बहुतेक मी माती खाल्ली.

दाखला त्यांनी ठेवून घेतला. समोर एक तरुण अधिकारी होते. अहोजाहो नीट केलं. मग त्यांनी विचारलं की आजीने शिकवलेलं काय काय लक्षात आहे. मी मान ताठ करून म्हणाले की आजीने शिकवलेलं सगळं मी पक्कं लक्षात ठेवलंय. आपला रशियन ‘झापोम्नी’ आहे ना, म्हणजे ‘लक्षात ठेव’, त्याचंच पोलिश रूप करून म्हणाले. त्यांनी पेन खाली ठेवलं. विचारलं, सगळं? मी म्हटलं, हो, शब्द न् शब्द. मग ते म्हणाले की तरीसुद्धा काहीतरी सांगा. मी आजीची झोपतानाची प्रार्थना म्हटली, जास्तीच्या ताटाचं सांगितलं. ते हसले आणि काहीतरी लिहून घेतलं. आमच्याकडे अधिकारी हसला की समजायचं, काम बिघडलं. काय चुकलं, मावशी?

इथे तिसऱ्या मजल्यावरच्या शिक्षकांना नेलं. त्यांची पिशवी दाराशीच राहिली. आंद्रेय ती घेऊन तुरुंगाच्या दाराशी गेला होता, मी अडवलं तरी गेला. तो परत येईपर्यंत मी खिडकीत उभी होते.

आंद्रेय स्वयंपाक करताना पोलिश बोलतो. भाषा ऐकून बटाटेसुद्धा शिजायला घाबरतात असं मी त्याला म्हटलं.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.

तुझी,
इलोना

बियाविस्तोक, २७ ऑक्टोबर

चि. इलोनास,
अ. उ. आ.

अगं वेडे! पोलिशमध्ये त्या शब्दाचा अर्थ विसरणं. झापोम्नी म्हणजे विसर. ऐकायला अगदी सारखा, अर्थ बरोबर उलटा. तू त्या भल्या माणसाला सांगितलंस की आजीने शिकवलेलं मी सगळं विसरले, शब्द न् शब्द विसरले, आणि मग घडाघडा प्रार्थना म्हणून दाखवलीस. तो हसेल नाहीतर काय करेल? घाबरू नकोस. ग्रोद्नोची निम्मी माणसं तिथे हाच घोटाळा करतात, मीही केला होता.

हे पत्र आंद्रेयलाही वाचून दाखव, त्याचीही उजळणी होईल. आणि त्याला बजाव की दुसऱ्यांच्या पिशव्या पोचवायला जाऊ नकोस. तसं सांगताना मला लाज वाटते, पण सांगते.

लोभ आहेच, त्याला काळजीच्या मुंग्या लागल्या आहेत.

मावशी

ग्रोद्नो, ३० नोव्हेंबर

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

सोमवारी कार्ड मिळालं. मंगळवारी सकाळी आंद्रेयला नेलं.

लिफ्टचा आवाज आलाच नाही, ते जिन्याने आले. घर उलटंपालटं केलं. तुझी पत्रं मी आधीच जाळली होती. आंद्रेयने बूट घातले, पिशवी उचलली, तुझी टोपीसुद्धा घातली. त्याला माझ्याशी बोलू दिलं नाही. मी युल्काला कडेवर घेऊन खाली धावले. गाडीचं दार लावताना तो वळला आणि एकच शब्द ओरडला. झापोम्नी.

मावशी, तुझं पत्र त्याने तीनदा वाचून घेतलं होतं. दिवसभर तो शब्द म्हणून मला चिडवायचा. आता तो कुठल्या भाषेत ओरडला? लक्षात ठेव म्हणाला, तर मी इथेच थांबायला हवं, दर आठवड्याला तुरुंगाच्या दाराशी उभं राहायला हवं. विसर म्हणाला, तर पोरीला घेऊन निघायला हवं. काल ती दोन माणसं बालवाडीत जाऊन युल्काची चौकशी करून गेली. मला काही सुचत नाही.

तूच सांग.

इलोना

बियाविस्तोक, ४ डिसेंबर

चि. इलोनास,
अ. आ.

तो पोलिशमध्ये बोलला. मला जराही शंका नाही. नाहीतर तो काहीही ओरडू शकला असता, आपल्या भाषेत शब्द कमी आहेत का? तुला निघ म्हणाला, आणि पोलिसांना कळू नये अशा शब्दात म्हणाला. पोरीची चौकशी झाल्यावर आता एक दिवसही थांबू नकोस. त्याची आई ग्रोद्नोतच आहे, पिशवी ती पोचवेल. ब्रोन्याच्या बसने ये. फोन घरीच ठेव. सीमेवर नवऱ्याचं विचारलं तर मावशी आजारी आहे म्हणून निघालेय, एवढंच सांग. खोटं नाही ते, मी खरंच आजारी पडायच्या बेतात आहे.

पलंग घालून ठेवलाय.

मावशी

बियाविस्तोक, २४ डिसेंबर

प्रिय आंद्रेय,
स. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या आधी दुसरं कोणी वाचेल, म्हणून घरचंच लिहिते. आम्ही दोघी मावशीकडे आहोत. सीमेवर त्यांनी तुझ्याबद्दल विचारलं. मी मावशीच्या आजाराचं सांगितलं आणि तुझं नाव घेतलं नाही. ते मला अजून टोचतंय.

मी अर्ज भरला आहे. युल्का बालवाडीत जाते, महिनाही झाला नाही आणि माझे उच्चार सुधारते. आज संध्याकाळी टेबलावर जास्तीचं ताट तिने मांडलं. मावशीने समजावलं की ते ताट कोणाही अनपेक्षित पाहुण्याचं असतं. ती म्हणाली की ते बाबाचं आहे, दुसरा कोणी आला तर त्याने उभ्याने खावं.

त्या दिवशी तू जो शब्द म्हणालास, तो कुठल्या भाषेतला यावर इथे रोज भांडण होतं. मावशी म्हणते पोलिश. मीही पोलिशच समजून निघाले. पण तुला माहीत आहे, माझी पोलिश फार कच्ची आहे. वर्षभराने परीक्षा आहे, तोपर्यंत बाकीचं सगळं येईल बहुधा. त्या एका शब्दाचा अर्थ मात्र मी अजूनही चुकीचाच लावते.

टोपी घालत जा. लोभ तुझ्यापाशी ठेवायला दिलाय, तो सांभाळ.

तुझी,
इलोना