अडतीस पालथ्या पाट्या

३ फेब्रुवारी १९५९

काशिरामदादा गेले. सकाळी आठच्या सुमारास. बाजारात बायकांच्या तागड्यांची वजनं तपासता तपासता खाली बसले, ते उठलेच नाहीत.

मी तिसरीच्या वर्गावर होते. खिडकीतून बाजाराचा गलबला रोज ऐकू येतो. तो एकाएकी थांबला — त्यावरूनच समजलं.

४ फेब्रुवारी

बाजारात बसणाऱ्या बाईच्या घरचं कुणी वारलं की तिच्या जागेवर तिची मालाची पाटी तेराव्यापर्यंत पालथी राहते. आमची जुनी रीत. पण ती एका घरची, एका पाटीची. काल अडतीसच्या अडतीस पालथ्या झाल्या! सुकी मासळी, भाजी, कुलसुमची अंडी — सगळा माल घरी परत गेला.

सुरुवात आमच्या आईने केली. सुकटाची पाटी रिकामी करून पालथी घातली, दादांच्या पायांना हात लावला आणि म्हणाली, "तेराव्यापरयंत सुलटी करनार नाय." आई बोलली म्हणजे विषय संपला.

६ फेब्रुवारी

तेराव्याला शोकसभा आहे. भाषण मी लिहायचं. बाजारातल्या घरांत शिकलेली मी एकटी, त्यामुळे दुसऱ्या कुणाचं नावच निघालं नाही. दोन पानं लिहिली, फाडली. 'थोर समाजसेवक' वगैरे लिहिलं की दादा हसताहेत असं वाटतं.

खरं तर एवढंच लिहायला हवं: आठ वर्षांपूर्वी संस्थेने बायकांना उठवायला माणसं पाठवली. बाजाराची जमीन संस्थेची, माझी शाळाही तिचीच. दादा चिखलात बायकांमध्ये जाऊन बसले. तीन दिवस बसले. चौथ्या दिवशी चुन्याची बादली घेऊन आले, प्रत्येकीला तिच्या जागेवर बसवलं आणि तिच्याभोवती रेघ मारली. म्हणाले, ही तुझी. शेवटी संस्थेला करार करावा लागला. दर दिवाळीला ती रेघ स्वतः वाकून नव्याने मारायचे. आईची रेघ सगळ्यांत रुंद, कारण सातवी करून शाळा सुटलेली मी तेव्हा तिला चिकटून बसले होते. मला पाहून दादा आईला म्हणाले होते, "हौसे, पोरीला पाटीमागं नको बसवू. बाकावर बसव."

म्हणून मी आज मास्तरीण आहे. हे सभेत वाचताना मला रडू फुटेल. फुटू दे.

७ फेब्रुवारी

संस्थेचा कर्णिक कारकून रोज आठ वाजता वही घेऊन येतो. पालथ्या पाट्यांमधून सावकाश फिरतो, काहीतरी लिहितो, जातो. कुलसुम म्हणाली, त्यालाही दुःख झालेलं दिसतं. मलाही तसंच वाटलं.

९ फेब्रुवारी

शाळेतून येताना पाहिलं. दोन माणसं साखळी टाकून बाजार मोजत होती. आईच्या पाटीवरून साखळी ओढली!

कर्णिकांना गाठलं. आधी बोलेनात. मग इकडेतिकडे पाहून म्हणाले, "वेणूबाई, भाताची गोदामं बांधायची आहेत. करार काढा. कलम सात वाचा."

वाचायची गरजच नव्हती. आकडा ऐकल्याबरोबर आठवलं.

१० फेब्रुवारी

करार काढला. माझ्याच अक्षरातली नक्कल, पंधराव्या वर्षीची. कलम सात: "कोणतीही जागा लागोपाठ बारा दिवस, धारक अथवा त्याच्या घरचे माणूस न बसता, रिकामी राहिल्यास ती संस्थेकडे परत जाईल."

तीन तारखेला आठलाच सगळ्या उठल्या, तो दिवसही संस्था धरणार: तीनपासून चौदापर्यंत — बारा. तेरावा पंधराला!

आता लिहूनच टाकते. कुठेतरी लिहायलाच हवं.

करार झाला त्या दिवशी तो बायकांना मी वाचून दाखवला होता. आंगठे उठवण्याआधी. सहावं कलम संपलं, सातवं सुरू करणार, तेवढ्यात दादांनी कागदावर बोट ठेवलं. हळूच म्हणाले, "हा सोड, फुडचा वाच. बाया घाबरतील. मी हाय तवर कोनाची जागा जानार नाय." मी आठवं वाचलं.

आणि खरंच कुणाची गेली नाही. रंभाचा नवरा वारला तेव्हा तिची जागा तेरा दिवस रिकामी होती. संस्थेने चकार शब्द काढला नाही — दादा होते. मी तर ते कलम विसरूनच गेले. 'मी हाय तवर' म्हणजे काय, हे त्यांनाही सुचलं नाही आणि मलाही नाही.

राग येतो त्यांचा. होय, आज येतो! एवढी माया केलीत, मग कागद का नाही पुरता वाचू दिलात?

११ फेब्रुवारी

आईला सांगितलं. भाकरी थापत होती. हात थांबला नाही.

मी म्हटलं, दादांनीच बोट ठेवलं होतं. तेव्हा वर बघितलं.

"त्याचा नाव घेव नको. तोंड तुजा होता."

तव्यावरची भाकरी करपली. शेवटी तिनेच विचारलं, कागदात पाटी सुलटी करायची असं लिहिलंय का? मी म्हटलं, नाही, नुसतं 'बसणे' आहे. तर म्हणाली, मग बसू. पाटी पालथीच ठेवून बसू. विकायचं नाही, बोलायचं नाही. चौदा तारखेला सकाळी.

मी चार वर्षं शिकून मास्तरीण झाले आणि हे मला सुचलं नाही.

१२ फेब्रुवारी

बाजार बंद, त्यामुळे बायका आपापल्या गावी. कामोठ्याच्या सात, तळोज्याकडच्या अकरा, बाकीच्या पनवेलात विखुरलेल्या. शाळा सुटली की मी निघते. आज कामोठं झालं. प्रत्येक दारात तेच सांगायचं — एक कलम मी वाचलं नव्हतं. बोटाचं सांगत नाही. एकीने तोंडावर सांगितलं, तुझ्यावर इस्वास ठेवून आंगठा दिला होता. खाली मान घालून ऐकलं.

दुपारी शाळा सुटताना मोठ्या बाईंनी बोलावून घेतलं होतं. कुणीतरी चुगली केलेली दिसते. म्हणाल्या, पगार संस्थेचा घेता, तर शनिवारी बाजाराच्या भानगडीत दिसू नका. दिसलात तर मला काही करता येणार नाही. बाई वाईट नाहीत. बोलताना माझ्याकडे बघत नव्हत्या.

१३ फेब्रुवारी

शेवटचा निरोप संध्याकाळी पोचला. पायांना फोड. आईला म्हटलं, मला उद्या शाळा आहे, मी येऊ शकणार नाही. आई म्हणाली, तुला कोणी बोलावलंय?

खरं आहे. माझं काम झालं.

१४ फेब्रुवारी



साडेसातची शाळा. मी सात वाजल्यापासून बाजाराच्या कोपऱ्यावर, शाळेची पिशवी घेऊन. लांबूनच बघायचं आणि निघायचं असं ठरवून. बायका येत होत्या. आपापल्या रेघेत, पालथ्या पाटीमागे, पदर डोक्यावर घेऊन बसत होत्या. एक शब्द नाही. साखळीवाले दोघे भिंतीला टेकून उभे. शाळेची घंटा झाली, पण माझा पाय निघेना.

आठला कर्णिक आले. वही उघडली आणि मोठ्याने नावं घेऊ लागले. रंभा? "हाय." कुलसुम? "हाजिर हाय." एकेक नाव, एकेक खूण. मी बोटांवर मोजत होते.

"भामा काशिराम?"

कुणी बोललं नाही.

भामाकाकू! दादांची बायको! तिचीही भाजीची जागा आहे, तिच्याभोवतीही रेघ आहे. मी सगळ्यांच्या दारात गेले आणि तिच्या दारात गेले नाही — सुतकातल्या घरात असला निरोप कोण नेणार! ती तेराव्यापर्यंत उंबरा ओलांडणार नाही. मूलबाळ नाही, घरात दुसरं कुणी नाही. ज्यांनी सगळ्यांना जागा दिल्या त्यांच्याच घरची जागा जाणार, आणि ती माझ्यामुळे. दुसऱ्यांदा माझ्यामुळे. साखळीवाला भिंतीपासून सुटला आणि पुढे आला.

आई उठली. आपल्या रेघेतून बाहेर पडली, भामाकाकूच्या रेघेत जाऊन बसली.

कर्णिक म्हणाले, "हौसाबाई, ही जागा भामाबाईंची. घरचं माणूस लागतं."

"आठ वरसा भाऊबीजंला ओवाललंय त्याला. घरची नाय तं कोन हाय मी?"

कर्णिकांनी तिच्याकडे पाहिलं. साखळीवाल्याकडे पाहिलं. मग वहीत खूण केली. पुढचं नाव घ्यायला त्यांना जरा वेळ लागला.

"हौसा नारायण?"

आईची जागा रिकामी. मधोमध तिची पालथी पाटी. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी कोपऱ्यावर आहे हे तिला माहीत होतं, नक्कीच माहीत होतं, पण तिने मान वळवली नाही. मला यात ओढायचं नाही असं तिने ठरवलं होतं. वर्गात माझी चाळीस मुलं बसलेली. मोठ्या बाई हजेरी घेत असतील.

"हौसा नारायण?" कर्णिकांनी पुन्हा विचारलं. वही मिटायला घेतली.

मी चालत गेले. शाळेची पिशवी पाटीशेजारी ठेवली. बसले. सुकटाचा वास — याच वासाची मला शाळेत लाज वाटायची, साडी दोनदा धुवायचे. रेघ रुंद होती, नीट पुरली.

"हजर," मी म्हटलं.

१५ फेब्रुवारी

तेरावा. आईने पाटी सुलटी केली, मग सगळ्यांनी. साखळीवाले आले नाहीत.

सभेत चिखलाचं वाचलं, चुन्याच्या रेघेचं वाचलं. रडू फुटलंच. शेवटी करार काढला आणि पहिल्या कलमापासून शेवटच्यापर्यंत वाचला. बोटाचं सांगितलं नाही. ते इथेच राहील.

१६ फेब्रुवारी

शाळा सुटल्यावर आईपाशी बसले होते, तर शाळेचा शिपाई कागद घेऊन बाजारातच आला. आई म्हणाली, काय लिवलंय ते वाच.

'उद्यापासून शाळेत येऊ नये', या ओळीवर थांबले. आईने सुकट सारून शेजारी जागा केली आणि वाट बघत राहिली. मग तीही ओळ वाचून दाखवली.