भिंतीवरची उष्टी रोटी

४ मार्च

इल्हामी सुटला! काल संध्याकाळच्या बसनं गावात उतरला म्हणे! हे मला कुणी सांगितलं? न्हाव्यानं. पंधरा महिने सक्तीच्या लष्करात काढून माझा जिवलग मित्र घरी येतो आणि मला बातमी मिळते ती तोंडाला साबण लावलेला असताना. वर न्हावी विचारतो, "तहसीन, तुला माहीत नव्हतं?" माहीत होतं म्हणालो. आणखी काय म्हणणार!

५ मार्च

आला नाही.

आईनं पडदे धुतले, कॉफीचे नवे कप पुसून मांडून ठेवले. लष्करात जायच्या आदल्या दिवशी इल्हामी आमच्याच गच्चीवर म्हणाला होता, "सुटून आलो की आईबाबांना घेऊन गुलिझारला मागणी घालायला येतो." लष्कर न केलेल्याला इथं कोण मुलगी देतो? म्हणून थांबलो आम्ही. त्याच्या शब्दावर माझ्या बहिणीची दोन चांगली स्थळं परत पाठवली. हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. आणि हा पठ्ठ्या दोन गल्ल्या ओलांडून यायला तयार नाही!

६ मार्च

आज सबिहामावशींनी, म्हणजे त्याच्या आईनं, सगळ्यांना रोटीसाठी बोलावलं. लष्करात निघताना त्यानं एक घास चावून ठेवलेली रोटी — मावशींनी ती कापडात बांधून भिंतीला टांगली होती. अन्न शिल्लक असलं की माणूस ते संपवायला परत येतो, असं मानतात. भाजली होती गुलिझारनं, तीही मावशींनीच मागून घेतली होती. आता त्या रोटीचा दगड झालाय, पण सुटून आलेले सगळे चहात बुडवून खातातच. मी सुटून आलो तेव्हा मीही खाल्ली होती की! दोन दिवस जबडा दुखत होता.

मला बघून गळ्यात पडला खरा. "काय लेका, पोट सुटलं तुझं!" "फुटाण्याच्या भट्टीवर बसतो ना, पोट सुटणारच," मी म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या, खोटं कशाला लिहू.

मग मावशींनी रोटी खाली काढली. बायकांनी देवाचं नाव घेतलं. आणि हा म्हणतो, "आई, दाढ दुखतेय. नंतर खाईन."

"अरे, एक घास तरी!"

"नको म्हटलं ना."

मावशींचा चेहरा एवढासा झाला. शेजारणी आधी रोटीकडे बघतात, मग माझ्याकडे. आणि थोड्या वेळानं हाच महाराज त्याच दाढेनं अक्रोड फोडतोय!!

घरी येऊन सांगितलं तर गुलिझार म्हणते, "जाऊ दे ना दादा, दुखत असेल दाढ." तू गप्प बस म्हणालो. मान खाली घालून आत गेली. रडली असणार बिचारी.

८ मार्च

चहाच्या दुकानात दिवसभर त्याच्या लष्करी गप्पा. एरझुरूमची थंडी अशी, की थुंकी जमिनीवर पडायच्या आधी गोठते. अरे, ही थाप मीच मारली होती तुला! सगळे हसताहेत, कुणी चहा पाजतंय, कुणी पाठ थोपटतंय. जणू लढाई जिंकून आलाय. बटाटे सोलून आलाय तो!

बाहेर पडल्यावर गाठलं.

"काय रे टकल्या, आमच्या घराचा रस्ता विसरलास?"

"येईन रे."

"मागणीची फुलं आणि चॉकलेटचा डबा घेऊन येणार, की हात हलवत?"

तो थांबला. टोपी काढली, परत घातली. "तहसीन, ते आता होणार नाही."

"का?"

"का वगैरे काही नाही. माझंच मन बदललं. नालायक आहे मी, असं समज."

समज काय समज! तळपायाची आग मस्तकात गेली. तसाच घरी आलो.

९ मार्च

फुटाणे करपले. बाबा ओरडले. आईला अजून सांगितलेलं नाही.

१० मार्च

आईला सांगितलं. तिनं कप परत कपाटात ठेवले.

११ मार्च

आज राहवलं नाही. चहाच्या दुकानात गेलो. तो सोंगट्या मांडून बसला होता, शेजारी त्याचे वडील. मी टेबलच उलटं केलं. पेले, सोंगट्या, सगळं त्याच्या अंगावर.

"माझ्या बहिणीला गावानं नावं ठेवावीत अशी वेळ आणलीस! लष्करात माणूस व्हायला गेलास आणि जनावर होऊन आलास! आमच्या गल्लीत पाय ठेवलास तर तंगडी तोडीन!"

मला वाटलं, उठेल. मारामारी होईल. व्हायलाच हवी होती! त्यानं पँटवरचा चहा झटकला आणि म्हणाला, "बरं."

नुसतं बरं! त्याचे वडील उठून निघून गेले, माझ्याकडे न बघता. लहानपणापासून त्यांच्या घरी जेवलोय मी. पण केलं ते योग्यच केलं.

१४ मार्च

इल्हामी बुर्साला गेला, कुठल्याशा कारखान्यात. पीडा टळली. आत्या सांगत होती, सगळा गाव मुलालाच शिव्या देतोय, आपल्या पोरीला कुणी बोल लावत नाही. उलट कीव करतात. एक नवं स्थळही विचारून गेलं. चला, एवढं तरी बरं झालं.

१६ मार्च

गुलिझार भट्टीवर आली. बाबा नमाजाला गेले होते.

"दादा, मीच नाही म्हटलं होतं. हिवाळ्यात त्याचा फोन आला तेव्हा. तुम्ही दोघांनी गच्चीवर ठरवलंत, मला कुणी विचारलंच नाही." मग म्हणाली, "तो म्हणाला, शब्द मोडलेल्या मुलीला आपलं गाव सोडत नाही. दोष माझ्यावर येऊ दे. तहसीनला तर मुळीच सांगू नकोस, त्याच्या पोटात काही राहत नाही."

रात्री जेवताना आई म्हणाली, "त्या इल्हामीचं खरं रूप वेळीच कळलं, देवाची कृपा."

गुलिझारनं माझ्याकडे बघितलं.

"हो ना," मी म्हणालो. "हलकट निघाला."