रायोचे नाव आणि माझे रडणे

मी, प्रोविदेन्सिया रोसादो, विधवा, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार साउथ ब्रॉंक्स, न्यूयॉर्क, हे मृत्युपत्र कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, राजीखुशीने लिहून ठेवते. डोळे अधू झाले आहेत, डोके शाबूत आहे.

१. राहते घर व खालचे दुकान माझी मुलगी नेरेइदा हिला द्यावे. जावयाचे नाव कागदावर चढवू नये. माणूस वाईट नाही, पण त्याला विकायची फार घाई.

२. बँकेतली शिल्लकही तिचीच. शिलाई मशीन व कात्र्या शेजारीण लुस हिला. ती कापडाच्या कात्रीने कागद कापत नाही.

३. घराची रस्त्याकडची भिंत. माझा मुलगा एफ्राइन आगगाड्यांच्या डब्यांवर रंगाच्या फवाऱ्याने 'रायो', म्हणजे वीज, असे नाव लिहीत असे. मी रागावले, "दुसऱ्याच्या गाडीवर आपलं नाव कशाला रे?" तो म्हणाला, "आई, इथं घरं जळतात तरी कुणी फिरकत नाही. गाडी मात्र पार श्रीमंतांच्या वस्तीत जाते. माझं नाव तरी जाऊ दे." त्यानंतर फलाटावर उभी असले की मीही ते नाव शोधू लागले. दिसले की दिवसभर हात हलका चाले.

एकोणिसाव्या वर्षी तो दम्याने गेला. त्याचा मित्र आन्सेल्मो माझ्याच ताटात जेवून मोठा झालेला. त्याने त्याच आठवड्यात भिंतीवर 'रायो' रंगवले. अख्खी गल्ली टोप्या काढून उभी होती. त्या दिवशी मी त्याला मुलगा मानले.

४. पुढे सदर आन्सेल्मोची चित्रे मोठ्या दालनांत लागली. एकदा बसमध्ये एका बाईच्या पिशवीवर मला माझाच चेहरा दिसला. मुलांच्या चित्रकथांत असतो तसा, ठिपक्याठिपक्यांचा, गालावर पेरूएवढा निळा अश्रू. तोंडाजवळच्या फुग्यात इस्पितळात मी एफ्राइनच्या उशाशी बोलले ते शब्द: "ऊठ राजा, भात निवतोय." तेव्हा खोलीत आम्ही दोघेच होतो, मी आणि आन्सेल्मो.

मी त्याला बोलावून घेतले.

"मावशी, लोक सुपाच्या डब्यांची चित्रं दिवाणखान्यात लावतात," तो म्हणाला. "मी तुझं दुःख लावलं. जगानं पाहिलं ते."

"डब्याला विचारावं लागत नाही, आन्सेल्मो. मला विचारायचं होतंस."

"आता ते विकलं गेलंय," असे म्हणून त्याने कोट चढवला.

५. त्या चित्रापायी कोणी काही देऊ केल्यास माझ्या वारसांनी घेऊ नये. माझ्या अंत्यविधीला आन्सेल्मोला घरच्या माणसांत बसवू नये.

६. भिंतीवरचा रंग उडत चालला आहे. गल्लीतल्या दोघातिघांकडून मी ती अक्षरे कागदावर काढवून पाहिली. सुबक होती, पण एफ्राइनची नव्हती. त्याचे वळण एकट्या आन्सेल्मोच्या हातात आहे. माझ्याच स्वयंपाकघरात मनगट धरून एफ्राइनने ते त्याला शिकवले. म्हणून, मन घेत नसतानाही लिहिते: ते नाव पुन्हा रंगवण्याचा हक्क आन्सेल्मोचा. त्याने एकट्याने यावे, फोटोवाल्यांना आणू नये, खाली स्वतःची सही करू नये. नेरेइदाने शिडी धरावी. बोललेच पाहिजे असे नाही.

तो आला नाही, तर रंग आपसूक जाऊ द्यावा. वरून चुना मात्र कोणी फासू नये.

वरील मजकूर वाचून घेतला, माझाच आहे.

सही: प्रोविदेन्सिया रोसादो

आमच्यादेखत सही केली:
एउसेबियो माल्दोनादो, न्हावी
पिलार ओकासियो, परिचारिका

ब्रॉंक्स, १२ ऑक्टोबर १९९३