खिडकीखालची झडती

अमडापूर,
फाल्गुन वद्य तृतीया, सन १९४३

प्रिय निजाम,

पाकिटाचा कोपरा फाटका पाहून फातिमाभाभीनं रडणं सुरू केलं असंन तं तिले पहिले गप कर. कोणी मेलं नाही. पाकीट ओट्यावर ठेवलं होतं, शेळीनं कोपरा खाल्ला. मेल्याच्या खबरीचं पत्र कोपरा फाडून धाडतात हे शेळीले कोणं सांगावं? अन् एका कोपऱ्यापायी दुसरं पाकीट आणाले मी काही पुन्हा पोस्टात जात नाही.

तुही गोजरवहिनी जिती आहे. हे वरच लिहून टाकतो, कारण शाळेतही तू धडा शेवटाकडून वाचे. जिती आहे, जेवते, मले दिवसातून चार वेळा बोलते. पण दसऱ्यापासून तिनं उंबरठ्याच्या भायेर पाय टाकला नाही. त्याच्यासाठीच लिहाले बसलो. तिसरीपर्यंत शिकलेला माणूस आहे, उगीच नटवता येत नाही. तू जालन्याले मोगलाईत गेला त्याले सात वर्षं झाले, तुले मागचं काहीच मालूम नाही, म्हणून पहिलेपासून सांगतो.

मागच्या उन्हाळ्यात तिले गाठ झाली. कोठं झाली ते मी लिहत नाही. भाभी समजंन. चार महिने तिनं सांगतलंच नाही. मंग गावातल्या झाडपाल्यावाल्या सुभद्राबाईनं लेप लावला, कोणी गंडा बांधला, कोणी म्हणे नजर लागली. मी म्हटलं, नजर लागाले हे काय सोळा वर्षाची आहे? गोजर म्हणे, तुमची सोळाव्या वर्षीच लागली होती, तेच आता निघून राह्यलं असंन. असं हसण्यात गेलं, अन् गाठ मोठी झाली. शेवटी मी गाडी जुंपली नाही का कोणाले विचारलं नाही, खामगावच्या मोटरीत तिले बसवलं अन् तेथून आगगाडीनं नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

तेथली डॉक्टरीण बाई पुण्याकडची, गोरीपान, बोलणं पुस्तकासारखं. म्हणे, यांना कर्करोग झालेला आहे. मी म्हटलं, बाई, सरळ सांगा, आमच्याकडं असा रोग नाही. ती म्हणे, कॅन्सर. आता हे सरळ झालं का बे? गोजरनं विचारलं, यानं माणूस मरते का? बाई गप बसली. गोजर मले म्हणे, घ्या, आता सरळ सांगतलं.

पहिले कापाचं, मंग आंगात रेडमच्या सुया ठेवाच्या (बाई रेडियम म्हणे), असं ठरलं. कापलं त्या दिवशी चार वाजता मले आत सोडलं. ती डोळे उघडून माह्याकडं पाहे, पण मी तिले दवाखान्यात दिसत नव्हतो. म्हणे, तुमी जवारीतून कशे आले, वाट तं नाही. तिले आपलं नदीकाठचं वावर दिसून राह्यलं होतं. जवारी वाढून वाढून आभाळाले टेकली, कणसात दाण्याच्या जागी चांदणं भरलेलं, अन् त्याच्यातून बैल चालून राह्यले, पण घुंगराचा आवाज नाही. म्हणे, आवाज काऊन नाही म्हणून मी कान लावला, तं घुंगरं माह्याच आंगात वाजून राह्यले. मले असल्या गोष्टी खपत नाहीत हे तुले मालूम आहे. पण तोंडातून निघून गेलं, बैल आपले होते का? ती म्हणे, एक आपला होता, दुसरा दिसला नाही. मंग तिचा हात पट्टीवर गेला. मी खाली फरशीकडं पाह्यलं. तं गोजरच म्हणते, जोडी मोडली हो, आता पोळ्यात मले कोणी उभं करत नाही. बाजूच्या खाटेवर मूर्तिजापूरची अमीना नावाची बाई दोन दिवसांपासून रडून राह्यली होती. तिनं पदर तोंडात कोंबला, तरी हसू निघालंच. मंग तिच्या पलीकडची हसली. मोठी नर्स धावत आली, तिले तिकडं म्याडम म्हणतात, अन् मलेच भायेर काढलं. बोलली गोजर, निघालो मी. आमच्या घरी हेच कायम.

दवाखान्याच्या मागं निंबाचं एक झाड होतं, अन् बायांच्या खोलीची खिडकी त्याच्याकडं. सव्वा महिना मी त्या झाडाखाली काढला. निजाम, जन्मात मी रिकामा बसलो नव्हतो. पहिले तीन दिवस आंगाले किडे चावल्यासारखं झालं. मंग काय झालं कोणास ठाऊक, दिवसच पातळ झाले. खिडकीचा हिरवा पडदा आत जाये, भायेर येये, जसा कोणी श्वास घेऊन राह्यला. निंबोळ्या पडत. राघू येत. औषधाच्या वासात मले हुरड्याचा वास येये. एक दिवस त्या पडद्यामागून बैल चालताना मीही पाह्यले, शपथ सांगतो, बिनआवाजी, एकामागून एक. मी झोपेत नव्हतो, तंबाखू-चुना मळून राह्यलो होतो. गोजरले हे सांगतलं नाही. तिनं म्हटलं असतं, तुमाले उन्ह लागलं.

मंग सुया ठेवल्या. सात दिवस. शिसाच्या पेटीतून आणत, चिमट्यानं धरून. सुया आंगात असल्या का जवळ कोणी बसाचं नाही, त्यातला उजेड दुसऱ्याले बाधते म्हणत. मले खिडकीपासून दहा पावलं दूर उभं केलं. तिनं आतून विचारलं, मी चमकून राह्यली का? मी म्हटलं, दिवसा समजत नाही, पण घासलेट मिळत नाही आजकाल, घरी गेल्यावर कामात पडशील. पहिले दोन दिवस असे निघाले. तिसऱ्या दिवशी पोळा आला.

त्या सकाळी म्याडम स्वतः माह्याकडं आली. म्हणे, बाई ऐकत नाही, सुया काढा म्हणते, घरी जातो म्हणते, दोन दिवसांपासून दूध पेली नाही. सात दिवस पुरे झाले नाहीत तं कापलेलं फुकट जाईन, तुम्ही समजूत घाला. मी समजूत घालू? चाळीस वर्षांत मी हुकूम दिले अन् तिनं मोडले, समजूत कोणं घातली? खिडकीतून पाह्यलं तं ती भिंतीकडं तोंड करून. हाक दिली, हलली नाही. तेव्हा मले दुसरं काही सुचलं नाही. पोळ्याचा दिवस, अन् अमडापुरात तोरणाखाली बैलाइपुढं झडत्या, ते यमकाचे गाणे, म्हणाले माह्याशिवाय कोण आहे? मी कानावर हात ठेवला अन् गावात जसा ओरडतो तसाच ओरडलो:

निंबाच्या झाडाखाली बांधला बैल,
डॉक्टर म्हणे बाई दूध पेईल,
बाई म्हणे दूध तं बोका पेईल,
मले ठेचा-भाकर कोण देईल?
हर बोला, हर हर महादेव!

पडदा हलला. आतून कोणी तरी बारीक आवाजात हर हर महादेव केलं. मंग मी दुसरी सोडली, पोळा आला म्हणून आदल्या रातीच जमवलेली, कागदावर मांडून ठेवली होती:

पेटीत रेडम, दारात म्याडम,
गोजरी आत अन् मी भायेर बेदम,
हर बोला, हर हर महादेव!

आता साऱ्या खोलीनं उचललं. वऱ्हाडातल्या पाच-सहा बाया होत्या, त्या तं गरजल्याच, अन् अमीनाचा आवाज साऱ्याइच्या वर. तिले काय म्हणून राह्यली याचं भान नव्हतं, तिले ओरडाले भेटलं होतं.

पण साल कोणतं होतं ते ध्यानात घे. नागपुरात गडबड, माणसं जेलात गेलेले, चार जण एकत्र दिसले का शिपाई धावे. दोन शिपाई आलेच. एक म्हणे, काय बे बुढ्या, घोषणा कायच्या देऊन राह्यला? मी म्हटलं, घोषणा नाही साहेब, झडती देऊन राह्यलो. तो म्हणे, झडती तू देतो? झडती तं मी घेतो! अन् लागला ना घ्याले. फेटा सोडवला, बंडीचे खिसे उलटे केले. मी म्हणतो, माही झडती वेगळी, तुही झडती वेगळी, तो म्हणते, चौकीवर चाल, सारख्या करतो. खिशात चुन्याची डबी निघाली, अडकित्ता निघाला, अन् तो कागद निघाला. पेटीत रेडम वाचून त्याचे डोळेच फिरले. त्याले वाटलं बाँब. म्याडम कोण, कोठं राह्यते, बेदम म्हणजे कोणत्या गावाचा इशारा, हे विचारत मले रस्त्यानं नेलं. मागं खिडकीत साऱ्या बाया उभ्या.

चौकीवरचा जमादार शेषराव म्हणून होता, नांदुऱ्याकडचा. त्यानं कागद वाचला. बराच वेळ वाचला, दोनच ओळी. मंग हळूच म्हणे, आज पोळा आहे का हो बाबा? मी म्हटलं, हाव. त्यानं टोपी काढून टेबलावर ठेवली. अकरा वर्षं झाले म्हणे, घरचा पोळा पाह्यला नाही. दार लावून घेतलं अन् म्हणे, म्हणा एक, पण दमानं. मी दमानं म्हटली. चौकीतले चार पोलीस भेत भेत, देवघरात बोलावं तशे, हर हर महादेव म्हणाले. भायेर टांगे चालून राह्यले होते. मले त्या चौकीत गोठ्याचा वास आला, निजाम. तेलाचा, नव्या दोरीचा, बैलाच्या खांद्याले चोळलेल्या हळदीचा.

पाच वाजता सुटून आलो तं गोजर उशीले टेकून बसलेली, हातात दुधाचा पेला. मले पाहून म्हणे, सरकारनं तुमची झडती घेतली म्हणे, काय सापडलं? मी म्हटलं, चुना. ती हसली. हसता हसता सुया टोचल्या तं रडली, अन् रडता रडता पुन्हा हसली. मंग म्हणे, माह्यापायी तुमाले शिपायानं भररस्त्यानं नेलं. आता मी अर्ध्यातून उठून गावात कोणतं तोंड दाखवू? राहू द्या त्या सुया. राह्यलेले चार दिवस तिनं मोजले नाहीत का कण्हली नाही. डॉक्टरीण बाईनं सुटी देताना सांगतलं, सध्या साफ आहे, सहा महिन्यांनी आणून दाखवा.

मले वाटलं, झालं. घरी आलो का पहिल्यासारखं. पण निजाम, गावात आल्यावर तिचं हसणं कोठं गेलं समजेना. या उन्हात आंगावर शाल. विहिरीवर नाही, बाजारात नाही. शेजारच्या पंजाबरावची बायको बसाले आली तं आत जाऊन झोपली. मी एक नवी झडती म्हणून पाह्यली, तिनं नुसतं म्हटलं, पुरे करा. आमच्या विमलीले मुलगी झाली, चिखलीले चैत्रात बारसं आहे. आजीनं पाळण्यात घालाचं. गोजर म्हणे, तुमी जा, माहं आंग दुखते. मी चिडलो, वाट्टेल ते बोललो. म्हटलं, नागपुरात मोडली जोडी म्हणून साऱ्याइले हसवत होती, इथं काय झालं? तिनं शाल आंगावर ओढून घेतली.

परवा दुपारी वावरातून लवकर आलो. आतल्या खोलीचं दार लोटलेलं. फटीतून दिसलं. तिनं पेटी उघडली होती, हिरवी खणाची चोळी घालून पाहून राह्यली होती. एका बाजूनं जुन्या लुगड्याचा बोळा कोंबला, आरशात पाह्यलं, काढला, पुन्हा कोंबला. तो एकदा वर सरके, एकदा खाली. मंग तिनं चोळी काढली, नीट घडी केली, जशी एखाद्या लेकराच्या झबल्याची करतात, अन् पेटीत ठेवली. मी जोडे हातात घेऊन मागं फिरलो. माह्या पायाचा आवाज गल्लीच्या तोंडाले ऐकू येते हे तुले मालूम आहे. त्या दिवशी आला नाही. नदीवर जाऊन बसलो अन् तेथं समजलं. नागपुरात साऱ्या बाया अनोळखी होत्या, त्याइले गोजर पहिले कशी होती हे मालूम नव्हतं. इथं साऱ्या गावाले मालूम आहे.

आता ऐक. तू शिंपी आहे. गोजरच्या लग्नापासूनच्या चोळ्या तुह्याच मशीनवरच्या. पडद्याच्या तिकडं भाभी माप घे, इकडं तू लिहे. याच्या सोबत एक पुडकं धाडलं आहे. त्याच्यात आपल्या वावरातला कापूस आहे, पहिल्या वेचणीचा. सरकी मी हातानं काढली, चार दिवस, गोठ्यात बसून, कोणाले दिसू न देता. एक चोळी शिव, खण तिकडचा घे, हिरवाच. डाव्या बाजूनं आतून दुहेरी अस्तर लाव अन् त्याच्यात हा कापूस भरून चहूकडून टाचून टाक, म्हणजे वर सरकणार नाही, खाली सरकणार नाही. किती भराचा ते मले सांगता येत नाही. चाळीस वर्षं संसार केला अन् सांगता येत नाही. भाभीले विचार, तिले मालूम असंन. मी लिहलं हे गोजरले कळू देऊ नको. भाभीनं आपल्या मनानं धाडली असं दिसू दे. बारसं चैत्र पौर्णिमेले आहे. उत्तर लिहाले बसू नको, टाका घाल.

तुहाच,
भगवंता