आवक क्रमांक एकशे सत्तावन्न

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, सरकारी माध्यमिक शाळेची निवृत्त वरिष्ठ लिपिक, अविवाहित, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव कसा असतो हे मी एकतीस वर्षं मुख्याध्यापकांच्या शेजारच्या खोलीत बसून शिकले आहे, तेव्हा या वाक्यावर विश्वास ठेवावा.

१. माझ्या मालकीचं दोन खोल्यांचं घर, भांड्याकुंड्यांसह, माझ्या भाचीला द्यावं. माझं आजारपण तिने काढलं. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

२. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, घरात वाटा नाही. शाळेतलं प्रकरण चालू असताना तो मला समजवायला आला होता. मुलगी आपली नाही, मास्तर आपला नाही, नोकरी तेवढी आपली आहे, असं त्याचं म्हणणं. त्याच न्यायाने घर त्याचं नाही. त्याला माझी आरामखुर्ची द्यावी. हातावर हात ठेवून बसायला ती उत्तम आहे.

३. ते प्रकरण इथे नोंदवते, कारण शाळेच्या दप्तरात ते आता सापडणार नाही. आमच्याकडे तक्रारपेटी होती. ती मुख्याध्यापकांच्या दारासमोर टांगलेली, म्हणजे चिठ्ठी टाकणारी आधी दिसावी; आणि किल्ली खेळाच्या मास्तरांकडे. शेत खाणाऱ्या कुंपणालाच राखण दिली होती. नववीतल्या एका मुलीने पेटीकडे न बघता, आईला घेऊन, अर्ज थेट माझ्या टेबलावर आणला. सरावाच्या निमित्ताने खेळाचे मास्तर अंगाला हात लावतात. नको म्हटलं की संघातून नाव कापतात. मैदान खेळायला मुलांना, झाडायला मुलींना. मी नोंद केली, आवक क्रमांक एकशे सत्तावन्न, आणि शिक्का मारलेली पोच आईच्या हातात दिली.

मुख्याध्यापक बाहेर आले. "बाई, आधी मला विचारायचं होतंत."

"शिक्का बसला, सर. पोच गेली."

मग समिती बसली. अध्यक्ष स्वतः मुख्याध्यापक, सदस्य मास्तरांचे साडू, आणि नियमाला एक स्त्री हवी म्हणून शिवणाच्या बाई, ज्या पूर्ण वेळ घड्याळाकडे बघत होत्या. मुलीला सात प्रश्न विचारले. त्यातले पाच तिच्या कपड्यांबद्दल आणि चालण्याबद्दल. इतिवृत्तात फक्त सारांश लिहा, मुलीची उत्तरं असमाधानकारक होती असं लिहा, असं मला सांगण्यात आलं. मी प्रत्येक प्रश्न, विचारणाऱ्याच्या हुद्द्यासह, जसाच्या तसा लिहिला आणि वर पाठवला. वरच्या अधिकारी बाईंनी ते वाचून दुसरी माणसं चौकशीला पाठवली. मास्तर बडतर्फ झाले. मुख्याध्यापकांची बदली झाली, आणखी मोठ्या शाळेत. माझी झाली पुस्तकांच्या कोठारात; निवृत्तीपर्यंत माझा पत्रव्यवहार उंदरांशी.

४. मुख्याध्यापक हल्ली संस्कारांवर व्याख्यानं देतात. त्यांना त्या इतिवृत्ताची प्रत चौकटीत बसवून पोचती करावी. कपड्यांच्या आणि चालण्याच्या त्या पाचपैकी चार प्रश्न त्यांचे स्वतःचे आहेत. व्याख्यानाला उपयोगी पडतील. मास्तरांना काही नाही. शिवीसुद्धा नाही.

५. अख्ख्या शाळेत "मी पाहिलं, दोनदा पाहिलं" असं चौकशीत सांगणारं माणूस एकच, आमच्या शिपाईमावशी. बँकेतली शिल्लक त्यांना द्यायची होती. वकील म्हणाले, ज्याला काही मिळणार त्याने साक्षीदार होऊ नये, दोन्हीपैकी एक निवडा. मावशींनी चष्मा लावला. "पैशाचं राहू द्या बाई. सही कुठे करायची?" म्हणून ती शिल्लक अर्ज आणणाऱ्या मुलीला द्यावी. ती आता मोठी झाली आहे आणि मुलींना धावायला शिकवते. बुटांवर खर्च करावी.

६. आता जे लिहिते ते भाचीलाही माहीत नाही. या अर्जाच्या तीन वर्षं आधी आठवीतली एक मुलगी एकटीच माझ्याकडे आली होती. वहीचं पान, दहा ओळी, मास्तर तेच. मुख्याध्यापक म्हणाले, नोंदवू नका. मी नोंदवलं नाही. पान फाडून टोपलीत टाकलं आणि तिला सांगितलं, साहेबांकडे दिलंय, उत्तर येईल. ती रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारायची. दोन महिन्यांनी तिने शाळा सोडली. दाखल्यावर कारण लिहिलं, घरगुती. ते अक्षर माझं आहे.

गेल्या वर्षी मी तिचं घर शोधून काढलं आणि दारातच सगळं सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही फाडत होतात तेव्हा मी खिडकीशी उभी होते."

मी कसं भरून देऊ, असं विचारलं.

"काही नको. फक्त लोक तुम्हाला धीराची बाई म्हणायला लागले, की त्यांना हे सांगत जा."

माझ्या हयातीत मला ते जमलं नाही. म्हणून माझ्या शोकसभेत कोणी तो शब्द उच्चारला, तर भाचीने त्याला तिथेच थांबवावं आणि हे कलम उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचावं.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन साक्षीदारांसमोर सही केली आहे.

लिहून देणार : निवृत्त वरिष्ठ लिपिक (सही)
साक्षीदार : १. शिपाईमावशी (सही) २. दाखला देणारे डॉक्टर (सही)
ठिकाण : राहतं घर, पुढची खोली
दिनांक : १२ जानेवारी, सकाळी अकरा