विचारायची नाही

४ फेब्रुवारी
कमाल आहे! बाबांच्या कवितांची नवी आवृत्ती निघतेय आणि प्रस्तावनेत गूढकाकांनी देव घुसवलाय. गूढकाका म्हणजे बाबांचे जिवलग मित्र, मोठे समीक्षक. यांना भाजीच्या पिशवीतही ब्रह्म दिसतं, म्हणून हे नाव मीच ठेवलं. या वेळचं सावज बाबांची सगळ्यात लहान कविता:

उन्हातून आलास, जरा टेक.
दार नुसतं लोटून ठेव.
पाणी ठेवलंय.
मी काही विचारायची नाही.

ऊन म्हणजे भवताप. पाणी म्हणजे मोक्ष. दार अर्थातच मृत्यूचं. आणि बोलतंय कोण? साक्षात परमेश्वर!
बाबा गेले. निदान कवितेत तरी त्यांना माणूस राहू द्या की!

५ फेब्रुवारी
'विचारायची'! ची! जन्म गेला माझा शाळेत व्याकरण शिकवण्यात. बोलणारी बाई आहे, बाई!
काकांना फोन केला. म्हणाले, "देव माउलीही असतो, बाळ."
घ्या. पडले तरी नाक वर.

७ फेब्रुवारी
देव सर्वज्ञ ना? मग 'विचारणार नाही' असं वचन कशाला? ज्याला सगळं ठाऊक, तो विचारेलच कशाला! असं वचन तीच देते, जिच्या जिभेवर प्रश्न येऊन थांबलाय. आणि मोक्षाचं दार काय नुसतं लोटून ठेवतात? आलेल्याला परत जायचंय, म्हणून लोटलेलं.
बाबा दुपारी बँकेतून घरी येत, दोन घास खाऊन परत पळत. झालं! बोलतेय ती आई. इतकी सरळ कविता, आणि यांनी तिला डोक्यावर उभी केली!
आईला आत्ता सांगत नाही. प्रकाशनाला पहिल्या रांगेत बसवणार.

९ फेब्रुवारी
बोलले! काकांची अशी चंपी केली की सभागृह हसून लोळायचं बाकी होतं. शेवटी आईकडे हात केला — "ही बघा, ती बोलणारी!" टाळ्याच टाळ्या.
काका उठले. वाटलं, आता जुंपणार. तर म्हणाले, "घरच्यांना जास्त ठाऊक. माझं चुकलं." आणि बसले! सोपाच निघाला गडी.
बायका आईभोवती जमल्या. "भाग्यवान हो तुम्ही!" आई नुसती मान हलवत होती. कौतुकाची सवय नाही बिचारीला.

१० फेब्रुवारी
सकाळी आई भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी तुझ्या बाबांना जन्मात कधी अरे-तुरे केलं?"
'आलास'.
मग म्हणाली, "काकांचा देव बरा होता गं. देवानं एकेरीत हाक मारली तर कुणी काही म्हणत नाही."